एक कारखाना, एक गिऱ्हाईक : इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची पंचाहत्तर वर्षे

६ एप्रिल १९४८ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले औद्योगिक धोरण जाहीर झाले. सहा उद्योगांतले नवे कारखाने यापुढे सरकारच काढील, असे त्यात ठरले. कोळसा, लोखंड-पोलाद, विमाने, जहाजे आणि खनिज तेल यांच्या जोडीला सहावा उद्योग होता टेलिफोन, तार आणि बिनतारी यंत्रांचा. रेडिओ संच तेवढे त्यातून वगळले होते. त्याच वर्षी बंगळूरच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर, टेलिफोनचा सरकारी कारखाना सुरू झाला. १९५० च्या जानेवारीत सरकारी खात्याच्या या कारखान्याची कंपनी झाली. तीच इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय. १९५६ च्या दुसऱ्या औद्योगिक धोरणाने केवळ सरकारसाठी राखलेल्या सतरा उद्योगांच्या यादीत टेलिफोन आणि त्याच्या केबली पुन्हा नोंदवल्या. ही राखण १९८४ मध्ये सैल झाली, १९९१ मध्ये उठली आणि या शतकाच्या पहिल्याच दशकात संस्थेवर आजारी उद्योगाचा शिक्का बसला. हा क्रम पाहून कोणी म्हणतात, सरकारी कारखाना स्पर्धेत टिकणारच नव्हता. कोणी म्हणतात, परदेशी कंपन्यांना दार उघडून सरकारने आपलाच कारखाना बुडवला. दोन्ही मते अर्ध्याच मक्तेदारीकडे पाहतात. टेलिफोन यंत्रांच्या व्यवहारात विकणारा एक होता, तसाच विकत घेणाराही एक होता आणि तोच विकणाऱ्याचा मालक होता. सुधारणेने विकणाऱ्याची मक्तेदारी काढली, खरेदीदार-मालकाची तशीच ठेवली. आयटीआयची घसरण आणि देशाच्या उपकरण उद्योगाचे अपुरेपण या दोन्हींचे मूळ या अर्धवटपणात आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

मक्तेदारी का हवी होती

सुरुवातीची मक्तेदारी चुकीची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. स्वातंत्र्याच्या वेळी सबंध देशात टेलिफोनच्या जोडण्या एक लाखसुद्धा नव्हत्या. एक्स्चेंजची यंत्रे विलायतेतून येत. मुंबईची टेलिफोन कंपनी सरकारने १९४३ मध्येच ताब्यात घेतली होती, आणि ही सेवा कोणी चालवायची हा प्रश्न तिथेच मिटला होता. एवढ्या लहान बाजारात दोन कारखाने जगले नसते. शिवाय एक्स्चेंज हे सुटे विकण्याचे यंत्र नाही. एका गावचे यंत्र दुसऱ्या गावच्या यंत्राशी बोलले पाहिजे, त्याचे सुटे भाग तीस-चाळीस वर्षे मिळत राहिले पाहिजेत. म्हणून लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला आणि स्ट्रॉजर पद्धतीची एक्स्चेंज बंगळूरला बनू लागली. या पद्धतीत डायल फिरवला की प्रत्येक अंकागणिक एक यांत्रिक हात पायऱ्या चढून, फिरून पुढची वाट जोडतो. त्यासाठी बारीक कातकाम, दाबकाम, गुंडाळ्या आणि हजारो जोडण्यांची शिस्त लागते. टेलिफोन जोडण्यापासून सुरुवात करून ते भाग स्वतः घडवण्यापर्यंत आयटीआय पोचली. कातारी, जोडारी, तपासनीस यांची एक पिढी तिथे तयार झाली. जोडणी विभागात स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला लागल्या. कारखान्याभोवती दूरवाणीनगर ही वसाहत, शाळा आणि दवाखाना उभा राहिला. केबलींसाठी पश्चिम बंगालमध्ये रूपनारायणपूरला हिंदुस्थान केबल्स निघाली, टेलिप्रिंटरसाठी मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स. मुंबईत देवनारला, तसेच कलकत्ता आणि जबलपूरला खात्याचे स्वतःचे कारखाने खांब-पेट्यांपासूनचे साहित्य बनवत. जो देश कालपर्यंत सुटा स्क्रूही आयात करत होता, त्याने वीस वर्षांत उभे केलेले हे काम मोठे आहे.

गिऱ्हाईकच मालक

दोष कारखान्यात नव्हता, त्याच्या भोवतालच्या रचनेत होता. आयटीआयचा माल घेणारे मुख्य गिऱ्हाईक पोस्ट आणि तार खाते. किती लाइनी घ्यायच्या हे तेच ठरवी. किंमत उत्पादनखर्चावर ठराविक नफा चढवून ठरे. कोणते तंत्र आणायचे याचा निर्णय त्याच मंत्रालयात होई, आणि कंपनीचे संचालक मंडळही तेच नेमी. अशा रचनेत खर्च कमी करणाऱ्या कारखान्याला बक्षीस नसते, कारण खर्च उतरला की किंमतही उतरते. उत्पादन वाढवण्याचे कारणही नसते, कारण मागणी ग्राहकाच्या दारातून येत नाही, पंचवार्षिक योजनेतल्या तरतुदीतून येते. मुंबई-पुण्यात फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबलेली माणसे खरी मागणी होती. ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेखाली आगाऊ पैसे भरूनही त्यांना वाट पाहावी लागे. पण ही प्रतीक्षा यादी कारखान्यापर्यंत पोचत नसे. मध्ये खाते उभे होते. योजनाकारांच्या लेखी टेलिफोन बराच काळ चैनीत जमा होता, आणि खात्याला तरतूद मिळेल तेवढेच काम बंगळूरला मिळे. टंचाई आणि मंद कारखाना ही एकाच निर्णयाची दोन फळे होती.

क्रॉसबारचे प्रकरण ही रचना कशी चाले ते स्पष्ट दाखवते. स्ट्रॉजर जुने झाले म्हणून १९६४ मध्ये बेल्जियममधील अँटवर्पच्या बेल टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीशी पेंटाकॉन्टा या क्रॉसबार पद्धतीसाठी करार झाला. ही यंत्रे युरोपातल्या वापरासाठी आखलेली होती. तिथे दर फोनमागे कॉल कमी असत. आपल्याकडे फोन थोडे, म्हणून एकेका फोनवरून कितीतरी माणसे बोलत. लाइन लागली नाही की तोच नंबर पुन्हा पुन्हा फिरवला जाई, आणि त्या फुकट प्रयत्नांचा भारही एक्स्चेंजवर पडे. मोठ्या शहरांत पेंटाकॉन्टा या ओझ्याखाली अडखळू लागले. चुकीचे नंबर, मध्येच तुटणारे बोलणे आणि मुकी लाइन यांचा ग्राहकाला आलेला अनुभव याच निवडीतून आला. पुढे दूरसंचार संशोधन केंद्र आणि आयटीआय यांच्या अभियंत्यांनी मिळून या पद्धतीची भारतीय वापरासाठी फेरमांडणी केली आणि ती चालवून दाखवली. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. आपल्या अभियंत्यांत कुवत होती. आणि ती कुवत निवड करताना कोणी विचारात घेतली नाही, चूक झाल्यावर दुरुस्तीसाठी मात्र वापरली. दोन पुरवठादारांत चढाओढ असती किंवा खरेदीदाराला चुकीची किंमत मोजावी लागली असती, तर ही चाचणी कराराआधी झाली असती.

याच काळात संस्थेच्या शाखा वाढल्या. श्रीनगर, अलाहाबादजवळ नैनी, रायबरेली, केरळात पालक्काड आणि उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यात मनकापूर येथे कारखाने निघाले. मागास भागात उद्योग नेण्याचा हेतू योग्य होता आणि या गावांना त्याचा लाभ झाला. पण कारखाना कुठे काढायचा हे कंपनीने ठरवले नाही. रायबरेली हा तर पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा मतदारसंघ होता. या निर्णयांचा सामाजिक खर्च स्वतंत्र मोजून सरकारने वेगळा भरून दिला असता तर वावगे नव्हते. तो यंत्राच्या किमतीतच मिसळला गेला. मक्तेदारी असेतोवर हे कोणाच्या डोळ्यांत आले नाही. स्पर्धा आल्यावर हाच खर्च संस्थेची अकार्यक्षमता म्हणून मोजला गेला.

१९८४ : पहिले दार

१९८४ मध्ये सरकारने ग्राहकाच्या बाजूची यंत्रे, म्हणजे टेलिफोन संच आणि कार्यालयांतली खासगी एक्स्चेंज, खासगी उद्योगांसाठी खुली केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा आणि जी. बी. मीमांसी यांच्या नेतृत्वाखाली तिला छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये देण्यात आले. तिचे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झाले. ते वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उन्हाळा सोसून चाले. ज्या देशात वीज जाते, त्या देशासाठीच ते आखलेले होते. पेंटाकॉन्टाच्या वेळी जे राहून गेले ते इथे पहिल्या रेघेपासून केले गेले. सी-डॉटने हे तंत्र आयटीआयबरोबर अनेक खासगी कारखान्यांनाही दिले. मोठ्या शहरी एक्स्चेंजचे काम वेळापत्रकाच्या मागे पडले, त्यावर टीका झाली, आणि ती रास्तही होती. पण ग्रामीण एक्स्चेंजने एक मार्ग दाखवला : आराखडा सार्वजनिक, उत्पादक अनेक.

या पहिल्या टप्प्यात स्पर्धा कुठे लवकर रुजली हे पाहणे बोलके आहे. कार्यालये, हॉटेले, दवाखाने यांच्या खासगी एक्स्चेंजच्या बाजारात ती झपाट्याने रुजली, कारण तिथे गिऱ्हाईक हजारो होते आणि प्रत्येकाचे पैसे त्याचे स्वतःचे होते. पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथमधल्या मीटरयंत्रांच्या बाबतीतही तेच घडले. बूथवाल्याला मीटर बिघडलेले परवडत नसे, म्हणून चांगले मीटर करणारा टिके. मुख्य एक्स्चेंजच्या बाजारात हे घडले नाही. १९८५ मध्ये पोस्ट आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली, १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम निघाले. तरी निर्णयाची दोरी त्याच मंत्रालयात राहिली. फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलशी १९८२ मध्ये झालेल्या करारानुसार मनकापूरला ई-१०बी ही डिजिटल एक्स्चेंज बनू लागली, तीही खाते जितकी मागेल तितकीच.

१९९१ : अर्धे उघडलेले दार

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने सरकारसाठी राखलेले उद्योग सतरावरून आठवर आणले. उरलेल्या आठांत टेलिफोन यंत्रे नव्हती. त्या वेळी देशात सुमारे पन्नास लाख जोडण्या होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे एक फोनही नव्हता, आणि प्रतीक्षा यादी लाखांत होती. दार उघडणे आवश्यकच होते. सीमेन्स, एरिक्सन, एटी अँड टी, फुजित्सू, अल्काटेल यांसारख्या कंपन्या भारतीय भागीदारांसह किंवा स्वतंत्रपणे आल्या. निविदांमध्ये लाइनीमागची किंमत झपाट्याने खाली आली, आणि नव्वदच्या दशकात जोडण्या ज्या वेगाने वाढल्या तो वेग आधीच्या चाळीस वर्षांत कधी दिसला नव्हता. सामान्य ग्राहकाचा हा लाभ खरा आहे. आयटीआयच्या बाजूने लिहिताना तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण खरेदीदार एकच राहिला. दूरसंचार खाते सेवा चालवी, धोरण ठरवी, निविदा काढी, यंत्रांना मान्यता देई आणि एका स्पर्धकाचे मालकही होते. सर्वांत कमी दराची निविदा हाच मुख्य निकष होता. तो दर सर्वांना देऊ करून मागणी वाटून द्यायची, ही पद्धत. यात स्वस्त देणाऱ्याला मोठा बाजार मिळण्याची खात्री नाही आणि महाग देणारा पूर्ण बाहेरही जात नाही. नव्या तंत्रात पैसा घालणाऱ्याला तर यातून काहीच संकेत मिळत नाही. एकाच दारातून हजारो कोटींची खरेदी होऊ लागली की तिथे काय घडू शकते, तेही देशाने पाहिले : त्या काळचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना पुढे २००२ मध्ये उपकरण खरेदीच्या प्रकरणात न्यायालयाने दोषी ठरवले. स्पर्धा आणायची आणि खरेदीचा अधिकार एकाच टेबलावर ठेवायचा, याचा हा धोका आधीच ओळखता आला असता.

आयटीआयला या व्यवस्थेत सर्वांत वाईट बाजू मिळाली. तिच्या मालाची किंमत बाजाराने ठरू लागली, पण तिचे हात मोकळे झाले नाहीत. यांत्रिक एक्स्चेंजला शेकडो हात लागत, डिजिटलला मोजके. तरी मनुष्यबळ, वेतन, शाखा, भागीदार, भांडवल या बाबतींत निर्णय दिल्लीतच होत. बदल्यात तिला सरकारी खरेदीत राखीव हिस्सा मिळाला; पुढे तो ३० टक्के ठरला. राखीव हिस्सा हे संरक्षण भासते, पण त्यातून जुनीच सवय टिकते : बाजाराकडे न पाहता खात्याकडे पाहायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात संस्था तोट्यात गेली. १९९५ पासून मोबाइल सेवा सुरू झाली, आणि प्रथमच जाळ्याची यंत्रे विकत घेणारे अनेक झाले. खासगी मोबाइल कंपन्या आपल्या पैशाने, आपल्या निवडीने माल घेऊ लागल्या. नेमक्या त्या वेळी आयटीआयकडे मोबाइलचे स्वतःचे तंत्र नव्हते, कारण तिच्या मुख्य गिऱ्हाइकाने ते कधी मागितले नव्हते. खरी स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्या हातात विकायला काही उरले नव्हते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे सर्व सरकारी आळसाला सबब शोधणे आहे. दूरवाणीनगरात शिथिलता नव्हती असे कोणी म्हणणार नाही. कामगार संघटना आणि व्यवस्थापन दोघांनीही खर्चवाढीला हातभार लावला. पण आळस हेच मूळ कारण असते, तर १९९१ नंतर आलेले कार्यक्षम खासगी कारखाने आज या देशातली एक्स्चेंज घडवत असते. तसे झाले नाही. स्थिर टेलिफोनची सरकारी मागणी आटली तसे त्यांचे ते उत्पादनही आटले, आणि स्वतःचे तंत्र विकसित करून जगाला विकणारी मोठी भारतीय एक्स्चेंज कंपनी त्यांच्यातून उभी राहिली नाही. मालक बदलूनही परिणाम तसाच राहिला, तर कारण मालकीच्या पलीकडे शोधावे लागते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : दार उघडलेच नसते तर स्वावलंबन टिकले असते. पण लिव्हरपूल, अँटवर्प आणि पॅरिस येथून एकामागून एक तंत्र आणणाऱ्या बंद बाजाराला स्वावलंबी म्हणता येत नाही. त्या बंदपणाची किंमत फोनविना राहिलेल्या कोट्यवधी लोकांनी मोजली. आपले स्वतःचे खरे तंत्र, सी-डॉटचे ग्रामीण एक्स्चेंज, हे दार किलकिले झाले त्याच वर्षी सुरू झालेल्या कामातून आले, हा योगायोग मानणे कठीण आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. टेलिफोनचे जाळे एक असेल तर खरेदीदारही एकच असणार. मग त्याला दोष कसा द्यायचा? याचे उत्तर दक्षिण कोरियाने दिले. तिथे १९८२ मध्ये सेवा चालवणारी संस्था मंत्रालयापासून वेगळी काढली गेली. खरेदीदार तीच एक होती. तिच्या पैशातून सरकारी संशोधन केंद्राने टीडीएक्स हे डिजिटल एक्स्चेंज विकसित केले, ते चार कंपन्यांनी बनवले, आणि १९८६ मध्ये ते सेवेत आले. एकच खरेदीदार चालला, कारण तो कोणत्याही विक्रेत्याचा मालक नव्हता. त्याने खात्रीची मागणी दिली आणि तिच्या बदल्यात चढाओढ आणि मुदत मागितली. चीनने वेगळी वाट धरली. आपल्याला पेंटाकॉन्टा देणाऱ्या त्याच बेल कंपनीशी त्याने १९८४ मध्ये शांघायला भागीदारी केली. पण तिथे प्रांतोप्रांतीची दूरसंचार कार्यालये आपापली खरेदी करत. परदेशी कंपन्यांनी मोठी शहरे धरली, तरी ह्वावेसारख्या नव्या कंपन्यांना ग्रामीण भागात पहिले गिऱ्हाईक सापडले. म्हणजे खरेदीदार एक असो वा अनेक, तो विक्रेत्यापासून वेगळा आणि आपल्या निवडीला जबाबदार असला पाहिजे. आपल्याकडे ही एक गोष्ट झाली नाही. २००० मध्ये खात्याची सेवा भारत संचार निगमाकडे गेली. तोवर आयटीआयची उमेदीची वर्षे सरली होती.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी

२०१४ मध्ये केंद्र सरकारने संस्थेच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे ४,१५७ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०२३ मध्ये भारत संचार निगमच्या देशी ४-जी जाळ्याची सुमारे एक लाख ठिकाणांची मागणी निघाली. गाभ्याचे तंत्र सी-डॉटचे, मनोऱ्यांवरची यंत्रे तेजस नेटवर्क्सची, जोडणी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची, आणि एक हिस्सा आयटीआयचा. पंचाहत्तराव्या वर्षी संस्थेला पुन्हा काम मिळाले, ही समाधानाची बाब आहे. देशी तंत्राला पहिली खात्रीची मागणी सरकारने द्यावी, हेही योग्यच. कोरियाचा धडा तोच सांगतो.

पण त्या धड्याचा दुसरा अर्धा भाग विसरता कामा नये. मागणी राखीव असेल तर तिची मुदत जाहीर असावी आणि त्या मुदतीत आयटीआयने किमतीत आणि दर्जात कुठवर पोचायचे, हे लिहून ठरलेले असावे. मागास भागातला कारखाना चालवण्याचा खर्च सरकारला करायचा असेल, तर तो अर्थसंकल्पात वेगळा दिसावा, यंत्राच्या किमतीत लपू नये. भागीदार निवडणे, माणसे नेमणे, आपले तंत्र घडवणे आणि ते खासगी कंपन्यांना किंवा परदेशात विकणे, याचा अधिकार संस्थेला असावा. त्याबरोबर नुकसानीची जबाबदारीही असावी. आणि सर्वांत आधी, तिचा मालक आणि तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक यांचे निर्णय दोन वेगळ्या हातांत असावेत. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी लोखंडाच्या पट्ट्यांतून देशी बनावटीचे पहिले एक्स्चेंज घडवले, त्यांच्या कसबात कमतरता नव्हती. त्यांच्या वारसांना ते कसब सिद्ध करायला खराखुरा बाजार मिळाला पाहिजे. तो मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती १९९१ पासून थकलेली आहे.